नाव न घेता

१ सप्टेंबर, रविवार. दुपार.

आजपासून रोजनिशी. कारण आजचा उपदेश माझ्यासाठीच होता. पाळकसाहेब म्हणाले, आपल्या प्रार्थना कोमट झाल्यात, कळकळ म्हणून उरली नाही. हे बोलताना त्यांनी थेट तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिसऱ्या बाकावर मी. ही पण होती, पण ती पर्समध्ये किल्ली शोधत होती, तेव्हा निरोप कोणाला हे उघडच आहे.

घरी येताना हिला विचारलं, साहेब माझ्याकडेच बघत होते ना? म्हणाली, तुमच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे.

असो. बायकोला काही गोष्टी उशिरा कळतात.

संकल्प असा, की रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गुडघ्यांवर. मोठ्याने. मनातल्या मनात करायला गेलो की डोळा लागतो. शिवाय बुधवारची प्रार्थनासभा. ती सध्या नर्सबाई चालवतात. रिटायर्ड बाई, मनाने चांगल्या, पण प्रार्थना कसली, इंजेक्शन. 'प्रभू, तू जाणतोस, सांभाळ, आमेन.' आपण डोळे मिटेपर्यंत सुई बाहेर. आता त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि त्या जबाबदारी सोडणार असं कानावर आलंय. मला पदाचा मोह अजिबात नाही. काम योग्य माणसाकडे जावं, एवढीच तळमळ.

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०.

सुरुवात झकास. हॉलच्या मधोमध बसलो. प्रत्येक कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची असं ठरवलं होतं. ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या घरापर्यंत पोचलो आणि बेल वाजली. दूधवाला. उठलो, पुन्हा बसलो, तेव्हा कोणापर्यंत आलो होतो ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून. ही मध्ये येऊन म्हणाली, देवाला काल सांगितलेलं आज आठवत असेल हो.

संध्याकाळी. घराखालच्या आपल्या फ्रेमच्या दुकानात काच कापताना वेळ वाया जाऊ नये म्हणून तेव्हाही प्रार्थना केली. डोळे मिटून. काच गेली. मोठी होती, कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोची. पुढचा निर्णय: टेबलावर डोळे उघडे ठेवून.

४ सप्टेंबर, बुधवार.

लेक आली. एकटीच. सोबत लग्नात दिलेली मोठी बॅग. थोडे दिवस राहणार म्हणाली. मी विचारलं, जावईबापू कसे आहेत? बरे आहेत म्हणाली. मी म्हटलं, देवाची स्तुती असो. ती चपला काढून आत गेली.

मग मायलेकी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं. मी दाराशेजारच्या खुर्चीत बसलो, कारण खुर्ची तिथेच असते. काही ऐकू आलं नाही.

शेवटी ही बाहेर आली आणि हळूच सांगितलं की दोघांचं काहीतरी बिनसलंय. डोकी थंड होईपर्यंत थोडं लांब राहू, असं त्यांनी आपसात ठरवलंय. तेव्हा कोणाला सांगायचं नाही. नातेवाइकांना नाही, शेजाऱ्यांना नाही आणि बुधवारच्या मंडळींना तर मुळीच नाही. बुधवारच्या मंडळींना, हे तिने दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

काय बिनसलंय ते मी लेकीला विचारलं नाही. बापाने असल्या गोष्टीत नाक खुपसू नये. त्यापेक्षा वरती विचारलेलं बरं.

सभेत आज तोंडातून ब्र काढला नाही. जीव नुसता घुसमटला. ऑर्गनवाल्यांनी स्वतःच्या गुडघ्यासाठी विनंती ठेवली. गुडघा! इथे माझ्या पोटच्या पोरीचा संसार टांगणीला लागलाय आणि सगळे जण डोळे मिटून एका गुडघ्यासाठी प्रार्थना करताहेत. मीही केली. पण मन लागेना.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

एक गोष्ट लक्षात आली. जावयाचा रोज संध्याकाळी फोन येतो. लेक फोन घेऊन गॅलरीत जाते. मी नेमका त्याच वेळी कुंड्यांना पाणी घालतो. आज ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

सकाळीच मी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. आता बोला.

ही म्हणते, कुंड्या कुजतील, इतकं पाणी घालू नका.

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

दिवसभर विचार केला. एकट्या माणसाच्या प्रार्थनेने पोर जर एकदा हसते, तर सगळी मंडळी एकजुटीने भिडली तर काय होईल? संसार दोन दिवसांत रुळावर. आणि हे माहीत असून मी मूग गिळून बसायचं? ही कसली माया?

दिलेला शब्द मोडायचा प्रश्नच नाही. पण शब्द काय दिलाय ते नीट पाहू. 'सांगणार नाही' असा दिलाय. माणसांशी बोलणं म्हणजे सांगणं. देवाशी बोलणं म्हणजे प्रार्थना. आता देवाशी बोलताना आजूबाजूला माणसं बसलेली असली, तर तो त्यांच्या कानांचा प्रश्न. शिवाय नाव घ्यायचं नाही म्हणजे झालं.

किती सोपं होतं! उगीच चार दिवस पोटात ठेवून पित्त झालं.

११ सप्टेंबर, बुधवार.

आजचा दिवस विसरणं शक्य नाही.

सभा ऑर्गनवाल्यांच्या घरी. विनंत्या सुरू झाल्या. माझी पाळी आल्यावर शांतपणे म्हणालो, एका भगिनीसाठी प्रार्थना हवी. नाव घेत नाही. सध्या माहेरी आली आहे. मग वाटलं, अगदीच मोघम झालं, मंडळींना काही दिशा नको का? म्हणून जोडलं, की माहेर फ्रेमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे.

कोणाला काही कळलं नाही. सगळ्यांनी फक्त 'च् च्' केलं आणि प्रेमाने माझ्याकडे पाहिलं.

ऑर्गनवाल्यांच्या मिसेसनी विचारलं, नेमका त्रास काय? नेमकं कळलं तर नेमकी प्रार्थना करता येते. मुद्दा रास्त होता. पण मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तोंडून शब्द निघाला: व्यसन. मी ठरवून बोललो नाही. आपोआप आला. वरूनच आला असणार. कसलं व्यसन, असं कोणी तरी विचारलं. म्हटलं, तेच, नेहमीचं.

खोलीत असा उसासा उठला! मग मी प्रार्थनेला सुरुवात केली. जावयाच्या हातातला पेला खाली पडावा असं मागितलं. बोलता बोलता तो पेला मला खरंच दिसायला लागला. रडू आलं. सगळे रडले. चहा गार झाला, बिस्किटं मऊ पडली, कोणाला भान नव्हतं. शेवटी ऑर्गनवाल्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, अशी कळकळ या सभेत आजवर पाहिली नाही.

नर्सबाईंनी मात्र प्रार्थनेच्या मध्येच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. (मी बघत होतो.) निघताना दारात म्हणाल्या, घरी जा आणि पोरीशी बोला. मी म्हटलं, कुठली पोर? त्या निघूनच गेल्या. वय झालंय बिचारीचं.

घरी आल्यावर हिने विचारलं, तिथे काही बोलला नाहीत ना? मी म्हणालो, मी कोणाचंही नाव घेतलं नाही. अक्षरशः खरं बोललो, म्हणून छान झोप लागेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.

ऑर्गनवाल्यांचा फोन. विनंती त्यांच्या मनातून जाईना, म्हणून त्यांनी ती मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकली, आणि आपल्या बहिणीलाही पाठवली. ती परगावी महिलांची प्रार्थनासभा चालवते. नाव अर्थातच नाही. मी मनापासून आभार मानले. कुठलं गाव विचारलं, तर लेकीच्या सासरचं निघालं.

गाव मोठं आहे. चर्च ढीगभर असतील. काळजीचं काही कारण नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ.

उत्तर आलं!

जावई येत्या रविवारी लेकीला न्यायला येतोय. रजाही टाकली. लेकीने आईला सांगितलं, हिने मला सांगितलं आणि सांगताना हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लेकीने केस धुतले, बॅग गॅलरीत नेऊन पुसली, आणि दुपारी दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. मी पट्टी कापत होतो. तिला काही तरी बोलायचं होतं असं वाटलं, पण मी मनात आभाराची प्रार्थना सुरू केली होती, ती मध्ये तोडणं बरं वाटलं नाही. माझी आमेन होईपर्यंत ती उठून वर गेली होती.

देवाने प्रार्थना कशी ऐकली, त्याची साक्ष लिहायला घेतली आहे. त्याच रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर देईन. सुरुवात माझ्या बालपणापासून. हिला दोन पानं वाचून दाखवली. म्हणाली, रविवारपर्यंत तरी तोंड बंद ठेवा. म्हटलं, आजवर ठेवलंच आहे की.

१८ सप्टेंबर, बुधवार.

सभेत फक्त इशारा दिला, की त्या भगिनीच्या घरी प्रकाश दिसू लागलाय. मंडळी भारावली. पाळकसाहेब आज मुद्दाम आले होते. नर्सबाईंनंतर कोण, यावर लवकरच ठरवू म्हणाले आणि माझा हात जरा जास्त वेळ हातात ठेवला. मी नम्रपणे खाली पाहिलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

जावयाचा फोन आला नाही. लेक गॅलरीत फोन मांडीवर घेऊन बसली आहे. म्हटलं, नेटवर्क नसेल. माझ्या फोनला पूर्ण आहे. पण कंपन्या वेगळ्या असतात.

मी पाणी घालायला गेलो नाही. बरं दिसलं नसतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

विहीणबाईंचा हिला फोन. ही उभी राहून बोलत होती, मग खाली बसली.

झालं असं. विहीणबाई नेमक्या त्याच महिलांच्या सभेत जातात. काल तिथे विनंती वाचली गेली. एक भगिनी, माहेरी परतलेली, नवरा पितो आणि हात उगारतो, त्याच्यासाठी. विहीणबाई डोळे मिटून प्रत्येक वाक्याला आमेन म्हणत होत्या. बिचाऱ्या अगदी कळकळीने म्हणत होत्या. मग 'माहेर फ्रेमच्या दुकानाच्या वर' असं वाचलं गेलं आणि त्यांची आमेन घशातच अडकली. डोळे उघडले तर सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. एकीने तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आज सकाळी तिथल्या पाळकांनी जावयाला फोन करून सांगितलं, की रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचं काम सध्या थोडे दिवस राहू दे.

मी हिला लगेच स्पष्ट केलं, की 'हात उगारतो' हे माझं नाही. ते कोणी तरी मध्ये घातलं. मी फक्त व्यसन म्हणालो होतो.

हिने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेक दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, की बाबा, व्यसन कसलं? मी म्हणालो, असंच, सर्वसाधारण. ती खोलीत गेली. जेवायला आली नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार.

हा सरळसरळ सैतानाचा हल्ला आहे. चांगलं काम जवळ आलं की तो आडवा येतोच. उपाय एकच: जोर वाढवायचा. सकाळी इतक्या मोठ्याने प्रार्थना केली की खालचा टेलर वर येऊन विचारून गेला, काही झालंय का.

लेक दिवसभर फोन लावते आहे. तिकडे कोणी उचलत नाही. एकदा उचलला. ही म्हणते, लेक सारखं एकच सांगत होती, मी नाही बोलले, मी असलं काही बोलले नाही. मग तिकडून ठेवला.

जावई उद्या येणारच. रजा टाकली आहे, वाया थोडीच घालवेल?

२२ सप्टेंबर, रविवार.

आला नाही.

मी स्टेशनवर गेलो होतो. सकाळच्या दोन्ही गाड्या पाहिल्या. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. एक उंच माणूस लांबून अगदी तोच वाटला, म्हणून हात केला. त्यानेही केला. भला माणूस.

चर्चला उशिरा पोचलो. साक्षीचे कागद खिशात होते, ते खिशातच राहिले. बाहेर पडताना जो तो हळू आवाजात विचारत होता, त्या भगिनीचं कसं आहे? एकाने तर विचारलं, पोरगी जेवते ना नीट? यांना कसं कळलं हेच कळत नाही. मी नाव घेतलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

दुकान बंद ठेवलं. बसने जावयाकडे जाऊन आलो. हिला न सांगता. आता सगळं तपशिलाने लिहितो.

दार जावयाने उघडलं. दाढी वाढली होती. या म्हणाला, खुर्ची पुढे केली, स्वतः चहा ठेवला. विहीणबाई आतच राहिल्या, फक्त भांडी आपटल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, आधी प्रार्थना करू. तो म्हणाला, आधी चहा घ्या, बाबा.

मी त्याला सांगितलं की झालं गेलं विसर, माझ्याबरोबर आत्ता चल, मी स्वतः सगळ्यांना सांगेन. त्याने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"बाबा, मी आता तिला न्यायला आलो, तर सगळे म्हणणार, प्रार्थनेने याची सुटली. मी आयुष्यात कधी दारूला शिवलो नाही. जी प्यायलोच नाही ती सोडू कशी?"

मी चहाचा घोट घेतला. येताना बसमध्ये पूर्ण वेळ याच्यावरच विचार केला.

मग तो म्हणाला, मला त्या लोकांचं काही नाही. पण तिने काही तरी सांगितल्याशिवाय बाप असलं बोलेल का? मी म्हणालो, बाळा, तिने एक शब्द सांगितला नाही, ते माझ्या तोंडात आपोआप आलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, तुम्ही बाप आहात, तुम्ही तिला पाठीशी घालणारच.

मी गळ्याची शपथ घ्यायला तयार झालो. खरं बोलत होतो हो! इतकं खरं मी या महिन्यात बोललो नव्हतो. पण त्याने मान हलवली आणि चपला दाखवल्या. म्हणजे, माझ्या चपला सोफ्याखाली सरकल्या होत्या, त्या काढून दिल्या. वाईट वागला नाही. कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. बसचा नंबर सांगितला.

एकंदरीत भेट अगदीच फुकट गेली असं म्हणता येणार नाही. चहा दिला.

२५ सप्टेंबर, बुधवार.

आज सभेत सगळं निस्तरायचं असं पक्कं ठरवून गेलो. सगळे बसल्यावर उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं. ती भगिनी माझी लेक आहे. माझा जावई पीत नाही. कधीच पीत नव्हता. हात उगारत नाही. व्यसनाचं मी माझ्या मनाने बोललो.

असं वाटलं, आता मला खडे बोल ऐकवतील. मी तयार होतो.

ऑर्गनवाल्यांच्या मिसेसचे डोळे भरून आले. म्हणाल्या, घरचे लोक आधी झाकतातच, आमच्या मोठ्या दिरांच्या वेळी आम्हीही झाकलं. कोणी म्हणालं, मुलीच्या बापाला किती सोसावं लागतं. मी पुन्हा सांगितलं, अहो, तो खरंच पीत नाही. त्यावर ऑर्गनवाल्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, की मला सत्याला सामोरं जायचं धैर्य मिळो. ऑर्गनवाल्यांचा हात फार जड आहे.

फक्त नर्सबाईंनी हात ठेवला नाही. खिडकीजवळ नुसत्या बसून होत्या. नंतर म्हणाल्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण त्यांचं एकटीचं कोण ऐकणार, आणि त्या ग्रुपवर पण नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार.

लेक गेली. सासरी नाही. तिसऱ्याच गावी. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीने एका ऑफिसात काम बघून दिलंय. बायकांच्या होस्टेलवर राहणार. जावयाने निरोप पाठवलाय, की कागदपत्रांचं वकील बघतील. निरोपात राग नाही असं ही म्हणते. राग असता तर काही तरी उरलं होतं असं म्हणता आलं असतं, हेही तीच म्हणाली.

मी बॅग खाली आणली. रिक्षा आली. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, निघताना दोन शब्द प्रार्थनेचे, बापाचा हक्क. तिने माझा हात धरला आणि खाली घेतला. हळूच.

"बाबा, तुम्ही देवाला इतकं विचारलंत. मला एकदा विचारायचं होतंत."

मी काही तरी बोलणार होतो, पण रिक्षावाला बॅग कुठे ठेवू म्हणाला आणि त्या गडबडीत राहिलं.

दुपारी हिने तिच्या खोलीतली चादर काढून भिजत घातली. मग बाथरूममध्येच बराच वेळ नळ सोडून बसली. मी बाहेरून दोनदा हाक मारली. नळ तसाच चालू होता.

२ ऑक्टोबर, बुधवार.

प्रार्थनासभेचा प्रमुख म्हणून एकमताने माझी निवड झाली.

पाळकसाहेब म्हणाले, ज्याचं स्वतःचं घर अग्नीतून गेलंय तोच दुसऱ्यांसाठी खरं मागू शकतो. टाळ्या वाजल्या. प्रार्थनासभेत एरवी वाजत नाहीत. मी नको म्हणून पाहिलं. त्यांना ती नम्रता वाटली. पुन्हा टाळ्या.

ही आली नव्हती. घरी येऊन तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बरं म्हणाली. मग मान वर न करता म्हणाली,

"माझीही एक विनंती आहे. लेकीचं नाव प्रार्थनेत घेऊ नका. आणि नाव न घेता पण घेऊ नका."

मी म्हटलं, मग मी करू तरी काय? ती म्हणाली, ते मला माहीत असतं तर मीच केलं असतं. आणि मग रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला रडताना मी मोजक्याच वेळा पाहिलंय. दर वेळी मी लगेच प्रार्थनेला बसायचो. आज शेजारी बसलो. काय करायचं ते सुचेना, म्हणून भाजी निवडू लागलो. चांगली पानं कुठली आणि टाकायची कुठली, ते मला कळत नाही. तिने माझी सगळी पुन्हा निवडली.

७ ऑक्टोबर, सोमवार. दुपार.

आज सकाळी लेकीला फोन केला. आधी प्रार्थना केली नाही, सरळ नंबर दाबला. म्हटलं, विचारायचं राहिलंय ते विचारू. एकदा सगळा गुंता कळला की सुटेल. अजून वकिलाकडे सही झालेली नाही. मला आशा होती. खरं तर पक्की खात्री होती.

तिने लगेच उचलला. आवाज बरा वाटला. ऑफिस नऊला असतं म्हणाली. मी विचारलं, पोरी, तुमच्यात नेमकं झालं होतं तरी काय?

तिकडे पर्सची चेन लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठेवणार.

"छोटंसंच होतं हो, बाबा. आता नीट आठवतही नाही."

मग तर सोपंच आहे, मी म्हणालो, छोटंच आहे तर जा की परत. मी येतो तुझ्याबरोबर. मी उभाच होतो, चप्पल घालायला सुद्धा लागलो.

"आता ते छोटं राहिलं नाही ना."

हे ती चिडून बोलली नाही. लहान मुलाला समजवावं तसं बोलली. मग विचारलं, नाश्ता झाला का? मी हो म्हणालो. झाला नव्हता. आईला जप म्हणाली, बस चुकेल म्हणाली आणि ठेवला.

सवयीने गुडघे टेकले. प्रभू, एवढं म्हणालो. पुढे काय मागायचं ते कळेना. जावयाची दारू सुटू दे म्हणावं, तर तो पीत नाही. भांडण मिटू दे म्हणावं, तर भांडण कशावरून हे आता लेकीलाही आठवत नाही. काहीच मागितलं नाही. मग आमेन तरी कशाला म्हणायचं, म्हणून तेही म्हणालो नाही.

उठून खाली गेलो आणि दुकान उघडलं. कोणी आलं नाही.